जिथून आण्णांचा अंक येत असे

आमच्या घरात एक लोखंडी पेटी आहे. हिरवा रंग उडालेला, कडीला सुतळी बांधलेली. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो तेव्हा ती खाटेखाली असे. तिच्यात आमचे वडील, म्हणजे आण्णा, आपले अंक ठेवीत. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ते खलाशी होते. शिक्षण सातवीपर्यंत. पण वर्षाची वर्गणी ते न चुकता मनिऑर्डरने पाठवीत आणि तीन महिन्यांनी पोस्टमन तपकिरी कागदात गुंडाळलेला अंक दारात टाकून जाई. अंकाचे नाव ‘अस्मितादर्श’, येई औरंगाबादहून.

आण्णा 1999 साली गेले. क्वार्टर सोडून आम्ही नव्या घरी आलो, ते घर लहान. तेव्हा आम्हा भावंडांनी मिळून ती पेटी रिकामी केली. अंक भंगारवाल्याच्या तराजूत घातले. सात किलो भरले. आई दारात उभी होती. तिला वाचता येत नाही. ती एवढेच म्हणाली, “त्यांची पुस्तकं होती रे ती.” आम्ही म्हणालो, “आई, उंदीर लागलेत.” विषय संपला असे आम्हांला वाटले.

तो संपला नव्हता. गेल्या वर्षी वर्षावासात आमची मुलगी, म्हणजे आईची नात, कॉलेजचे पुस्तक मोठ्याने वाचत होती. त्यात ‘अस्मितादर्श’चे आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांचे नाव आले. भाकरी थापणाऱ्या आईचा हात थांबला. “हे तर आपल्या घरी येत होतं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “ते जिथून येत होतं ते गाव मला एकदा दाखवा.”

वाचकहो, आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने आजवर आमच्याकडे काही मागितले नव्हते. जानेवारीत नामविस्तार दिनाच्या आदल्या दिवशी आम्ही पाच जण निघालो.

मनमाड ते औरंगाबाद

मनमाड आणि औरंगाबाद ही आमच्या चळवळीच्या नकाशावरची दोन ठळक गावे. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद मनमाडला भरली. तिथेच परमपूज्य बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. आमचे आजोबा त्या गर्दीत होते, असे आण्णा अभिमानाने सांगत.

सकाळच्या पॅसेंजरमध्ये आईला खिडकीची जागा मिळाली. अंकाई-टंकाईचे किल्ले मागे पडले. नगरसूल, रोटेगाव, लासूर अशी स्टेशने येत गेली. डबा माणसांनी आणि निळ्या झेंड्यांनी भरला होता. कुणी नांदगावचे, कुणी येवल्याचे. अनोळखी बायांनी आईला शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी दिली. दौलताबादचा किल्ला दिसला तशी आई म्हणाली, “म्हणजे अंक पण याच रुळावरून येत असणार.” आम्ही कुणी कधी तसा विचार केला नव्हता.

शहराचे नाव 2023 साली छत्रपती संभाजीनगर झाले. आईच्या तोंडी मात्र औरंगाबादच आहे, कारण पाकिटावर तेच छापलेले असे.

नागसेनवनात

स्टेशनवरून रिक्षाने आम्ही नागसेनवनात आलो. वेशीतून आत शिरताच आईने चपला काढून हातात घेतल्या. आम्ही म्हटले, हे विहार नव्हे, कॉलेज आहे. ती म्हणाली, “ज्यांनी बांधलं ते कोण?” आम्ही गप्प बसलो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. निजामाच्या राज्यातून मराठवाडा 1948 साली मुक्त झाला, तेव्हा या भागात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. गरिबाच्या आणि अस्पृश्याच्या मुलाने तर तिकडे पाहूच नये अशी स्थिती. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना 1945 सालीच केली होती. मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय 1946 साली सुरू झाले, आणि जून 1950 मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. विद्यापीठ तर त्यानंतर सात वर्षांनी, 1958 साली आले. म्हणजे या मातीत आधी बाबासाहेबांचे कॉलेज उगवले आणि मग सरकारचे विद्यापीठ.

कॉलेजला नाव दिले मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा मिनँडर. मोठा वादपटू. भिक्खू नागसेनांना त्याने प्रश्नावर प्रश्न विचारले, उत्तरे पटली आणि त्याने आपली हार मोकळ्या मनाने कबूल केली. ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ त्या प्रश्नोत्तरांचा. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्यांना प्रश्न विचारायची बंदी होती त्यांच्या मुलांच्या कॉलेजला बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव दिले.

पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. त्यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक बाबासाहेबांच्या हयातीत इथल्या विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले. म्हणजे अभ्यासाबरोबर लिहिणे, बोलणे, नाटक करणे हे या आवारात पहिल्यापासून चालत आले. खेड्यापाड्यांतून आलेली मुले वसतिगृहात राहत. घरी अक्षरशत्रू आईबाप, गावी महारवाड्यातले घर, आणि हातात पहिल्यांदाच जाडजूड पुस्तके. अशा मुलाच्या पोटात जे साचते ते कुठे मांडायचे? मोठ्या मासिकांत त्याच्या भाषेला शुद्ध म्हणत नसत आणि त्याच्या अनुभवाला साहित्य म्हणत नसत.

पुढे अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे मिलिंदचे प्राचार्य झाले. तिकडच्या काळ्या लोकांनी आपल्या गुलामगिरीचे दुःख आणि आपला संताप स्वतःच्या शब्दांत कसा लिहिला हे ते इकडच्या तरुणांना सांगत. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन ही नावे जगाने ऐकली ती त्यांनी आपले जगणे लपवले नाही म्हणून. मग आपण का लपवायचे? हा प्रश्न नागसेनवनात फिरू लागला. त्या वातावरणातून 1967 साली ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले आणि 1968 पासून ते ‘अस्मितादर्श’ झाले. मिलिंदमध्ये मराठी शिकवणारे प्राध्यापक गंगाधर पानतावणे त्याचे संपादक. पुढे ते विद्यापीठाच्या मराठी विभागात गेले, पण अंक त्यांनी सोडला नाही.

आदर्श या शब्दाचा जुना अर्थ आरसा. आपल्याला आपलेच तोंड दाखवणारा. हे आम्ही आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणून तुमचे आण्णा अंक आला की आधी हातपाय धुवायचे.”

आण्णांचे वाचन

आण्णा कसे वाचीत ते इथे सांगितले पाहिजे, कारण अंक म्हणजे नुसता छापणारा नव्हे, वाचणाराही. रविवारी संध्याकाळी वंदना झाली की क्वार्टरच्या ओट्यावर खांबावरच्या दिव्याखाली सतरंजी टाकली जाई. आण्णा मध्ये बसत. फिटर, गँगमन, पॉइंट्समन, त्यांच्या बायका, पोरे भोवती. ते एक कविता वाचीत आणि थांबत. कुणीतरी म्हणे, “पुन्हा वाच.” अवघड शब्द आला की आण्णा म्हणत, “हा आपल्याला नंतर कळंल, पुढचं ऐका.” बाया भाजी निवडत ऐकत. काही ओळींना निवडणे थांबे.

आण्णांचे एक आवडते कवी होते त्र्यंबक सपकाळे. त्यांचा ‘सुरुंग’ हा संग्रह 1976 साली निघाला. ते चाळीसगाव-धुळे गाडीवर तिकीट तपासण्याचे काम करीत. आण्णा सगळ्यांना सांगत, “आपल्या रेल्वेचा माणूस आहे. टीसी आहे आणि कवी आहे.” ओट्यावरच्या माणसांना हे फार मोठे वाटे. कवी म्हणजे पुण्या-मुंबईचा, बंगल्यात राहणारा, असा समज होता. आणि इथे तर गाडीत भेटणारा माणूस कवी!

ती वर्षेच तशी होती. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या 1963 च्या कथासंग्रहाने वाट पाडली होती. 1972 साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. वामन निंबाळकरांची ‘गावकुसाबाहेरील कविता’ 1973 साली खुद्द अस्मितादर्श प्रकाशनाने काढली. 1974 मध्ये दया पवारांचा ‘कोंडवाडा’, मग 1978 मध्ये त्यांचेच ‘बलुतं’. 1979 साली औरंगाबादेत प्राध्यापक असलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’. पुस्तके अशी एकापाठोपाठ एक आली, पण पुस्तक निघण्याआधी माणसाला लिहिता व्हावे लागते. त्यासाठी कुणीतरी पहिला कागद हातात घेऊन वाचावा लागतो, चुका सांगाव्या लागतात, पुन्हा लिही म्हणावे लागते. ते काम नियतकालिकाचे. पानतावणे सरांनी ते जवळजवळ पाच दशके केले. नुसते छापून ते थांबले नाहीत. अस्मितादर्शचे लेखक-वाचक मेळावे गावोगावी भरले. लेखक मंचावर आणि वाचक खाली, असा तो प्रकार नव्हता. नावातच दोघांना जोडलेले होते.

अंकात वादही होत. दलित साहित्य म्हणायचे की बौद्ध साहित्य, की आंबेडकरी? दलित म्हणजे जात का? सरांचे म्हणणे असे की दलित ही जात नव्हे, ते बदलाचे आणि क्रांतीचे प्रतीक आहे. ओट्यावर यावरून भांडणे होत आणि रात्रीच्या पाळीला जाणारा माणूस डबा घेऊन उभ्या उभ्या आपले मत देऊन जाई.

ग्रंथालयात

जवळच्या एका ग्रंथालयात आम्ही दुपारी गेलो. जुने अंक पाहायचे आहेत म्हटल्यावर तिथल्या सेवकाने आम्हांला वरून खालपर्यंत पाहिले. आईने लुगड्याच्या पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, “दादा, माझ्या मालकांचे अंक यायचे.” तो माणूस उठला. त्याने बांधीव खंड आणून टेबलावर ठेवले.

आमची मुलगी पाने उलटत होती, आम्ही वाचत होतो. कविता, कथा, आठवणी, पुस्तकांची परीक्षणे, आंबेडकरी विचारांवरचे लेख. कागद पिवळा, अक्षर बारीक. कडेला वाळवीची नक्षी. आईने एक पान हाताने चाचपले, नाकाशी नेले. “हाच वास,” ती म्हणाली.

पण खंड सलग नव्हते. मधली वर्षेच्या वर्षे गायब. सेवक म्हणाला, काही कुणी नेले ते परत आले नाहीत, काही पावसात भिजले, काही पहिल्यापासूनच नव्हते. आम्ही मनात रागावलो. एवढा ठेवा आणि ही हेळसांड! तेवढ्यात आईने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “आपले किती किलो भरले होते रे?”

त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. गायब असलेल्या वर्षांतले अंक आमच्या पेटीत होते. आण्णांनी ते उंदरांपासून वीस-पंचवीस वर्षे जपले आणि आम्ही, शिकलेल्या मुलांनी, एका दुपारी विकले. ग्रंथालयावर रागवायचा अधिकार आम्ही कधीच गमावला होता.

मुलीने आणखी एक गोष्ट दाखवली. अनुक्रमणिकेवर बोट फिरवीत ती म्हणाली, “आजी, बायकांची नावं फार कमी आहेत.” खरे होते ते. तशा लिहिणाऱ्या होत्या. हिरा बनसोडे रेल्वेत नोकरी करीत कविता लिहीत होत्या. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ 1981 साली आले. ज्योती लांजेवारांचा ‘दिशा’, शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, उर्मिला पवारांचे ‘सहावं बोट’ ही सगळी ऐंशीच्या दशकातली. पण ओट्यावर भाजी निवडत ऐकणाऱ्या बाया कितीतरी होत्या आणि लिहिणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. आई काही बोलली नाही. तिने फक्त पान उलटायला सांगितले.

विद्यापीठाच्या दारात

रात्र एका नातलगाकडे काढली आणि 14 जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर गेलो. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. एका नावासाठी माणसे मेली, घरे जळाली, तुरुंग भरले. साडेपंधरा वर्षांनी, 14 जानेवारी 1994 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव लागले. आजही त्या दिवशी लोक लेकराबाळांसह येतात, कमानीला हात लावतात, डोळे पुसतात.

दारापुढे पुस्तकांची दुकाने मांडलेली होती. मीठ-मिरची घ्यावी तशी पुस्तके घेणारी माणसे आम्ही तिथे पाहिली. ‘आठवणींचे पक्षी’ आम्ही घेतले. ‘अस्मितादर्श’चे जुने अंक आहेत का, असे एका विक्रेत्याला विचारले. तो हसून म्हणाला, “कधी कधी येतात. रद्दीतूनच येतात. घरातला म्हातारा गेला की येतात.” आम्ही मान खाली घातली.

विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबादच्या बौद्ध लेणी आहेत, बहुतेक सहाव्या-सातव्या शतकांतल्या. पायऱ्या पुष्कळ. आई तीनदा बसली, पण चढली. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तथागतांच्या मोठ्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसलेले उपासक आहेत, पुरुष आणि स्त्रिया, माणसाएवढे, दगडात कोरलेले. हात जोडलेले, गळ्यात दागिने, एकेकाचा चेहरा निराळा. आई बराच वेळ त्या बायांकडे पाहत राहिली. “यांची नावं काय?” तिने विचारले. नात म्हणाली, “आजी, त्यांच्याजवळ नावं लिहिलेली नाहीत.” आई म्हणाली, “एवढा चेहरा केला आणि नाव नाही.”

अस्मितादर्शने काय केले ते आम्हांला तिथे कळले. खलाशाच्या, शेतमजुराच्या, झाडूवालीच्या मुलाने कागदावर आपले दुःख लिहून पाठवले आणि त्याखाली त्याचे नाव छापून आले. गावात ज्याला कुणी धड नावाने हाक मारीत नव्हते त्याचे पूर्ण नाव, आडनावासकट. विद्यापीठाच्या दारावर बाबासाहेबांचे नाव यावे म्हणून लोक लढले. त्याच गावात एक प्राध्यापक तीन-तीन महिन्यांनी साध्या माणसांची नावे छापत होता. दोन्ही कामे एकच होती.

पानतावणे सरांनी बाबासाहेबांच्या पत्रकारितेचा अभ्यास केला होता. ‘मूकनायक’ 1920 साली निघाले ते मुक्यांना बोलते करण्यासाठी. सर त्याच वाटेने गेले. 2009 साली अमेरिकेत सॅन होजे इथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 2018 च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि 27 मार्च 2018 रोजी ते गेले. मान मिळाला, पण त्यांची खरी मिळकत म्हणजे ते अंक. ते अंक आपल्या घरांत होते.

परत आल्यावर

मनमाडला परतल्यावर आम्ही वस्तीत दारोदार फिरलो. फक्त विचारले, तुमच्या पेटीत, माळ्यावर, गादीखाली जुने अंक आहेत का? एका निवृत्त फिटरकाकांकडे दोन निघाले, वंदनेच्या पुस्तकाबरोबर रुमालात बांधलेले. एका मावशींकडे एक, मुखपृष्ठ नसलेला, रेशनकार्डाच्या पिशवीत. त्यातला एक अंक त्या ग्रंथालयात नसलेल्या वर्षाचा आहे. त्याची झेरॉक्स आम्ही ठेवली आणि अंक ग्रंथालयाला पाठवला. सात किलोंच्या बदल्यात हे पाव किलोही नाही. पण सुरुवात आहे.

वाचकहो, आपल्याही घरी अशी पेटी असेल. तुमचे आण्णा, दादा, काका जे वाचत होते ते फेकण्याआधी एकदा उघडून पाहा. त्यावर त्यांच्या हाताच्या खुणा असतील. उंदीर लागला असेल तर झेरॉक्स करा, ओळखीच्या प्राध्यापकाला दाखवा, ग्रंथालयाला द्या. तराजूत मात्र घालू नका.

आणि शेवटची गोष्ट. परतीच्या गाडीत लासूर सोडल्यावर आई नातीला म्हणाली, “वही आहे का गं? मी सांगते, तू लिही.” माहेरचे गाव, पाण्यासाठीची वणवण, आण्णांशी लग्न, 1956 नंतर घरातून बाहेर टाकलेले देव, ओट्यावरचे वाचन, असे ती रोज रात्री जेवणे झाली की थोडे थोडे सांगते. शंभर पानी वहीची एकतीस पाने झाली आहेत. पहिल्या पानावर नातीने आजीचे नाव लिहिले आहे, पूर्ण, आडनावासकट. वही आम्ही त्याच लोखंडी पेटीत ठेवतो. कडीची सुतळी काढून आता तिला कुलूप लावले आहे.

जयभीम.